उधारीचा र

माझं अक्षर वाईट आहे. हे मी नम्रपणाने सांगत नाही. नम्रपणाने सांगायचं झालं तर 'बरं आहे' म्हटलं असतं. शाळेत एकदा माझ्या शुद्धलेखनाच्या वहीवर मास्तरांनी 'पुन्हा लिहा' असा शेरा मारला होता आणि तो शेरा मला वाचता आला नाही म्हणून मी पुन्हा लिहिलं नाही. तेव्हा वाईट अक्षराचा मक्ता काही एकट्या माझ्याकडे नव्हता. पण मास्तरांचं दुकान नव्हतं, आमचं होतं. रत्नागिरीच्या बाजारपेठेत आमच्या तीर्थरूपांचं वह्या-पुस्तकांचं दुकान. पुस्तीच्या वह्या, कित्ते, बोरू, टाक, दौती असा सुंदर अक्षराचा सगळा सरंजाम तिथे विकायला असे. त्या घरातल्या पोराचं अक्षर असं निघावं, म्हणजे हलवायाच्या पोराला गोड न सोसण्यापैकीच. "गिऱ्हाइकासमोर लिहू नकोस," अशी मला अण्णांची सक्त ताकीद होती.

ज्याला गळा नसतो तो चांगला कानसेन होतो. तसा मी अक्षरांचा कानसेन झालो. आणि माझा तानसेन म्हणजे आमचा पेंटर.

पेंटरला नाव होतं. असणारच, मतदारयादीत काही 'पेंटर' म्हणून घालत नाहीत. पण गावाने त्याचं नाव कधीच रंगवून टाकलं होतं. लहान मुलं 'पेंटरकाका' म्हणत, त्याची बायकोसुद्धा 'पेंटर घरात नाय' असंच सांगे. यात कमीपणा काही नाही. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींना अख्खा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखतो. त्यांनी १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट काढला आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतःच रंगवली. आमच्या पेंटरने चित्रपट काढला नाही. त्याने पाट्या काढल्या. पण पाटी काढताना खाली पाच-पन्नास माणसं माना वर करून उभी असत, तेव्हा प्रेक्षकवर्ग त्यालाही होताच.

१९७४ साली अण्णांनी दुकानावर नवी पाटी लावायचं ठरवलं. आठ फुटी पत्रा आणला. दर ठरला अक्षरामागे आठ आणे. आता अक्षर कशाला म्हणायचं, यावर व्याकरणकारांनी ग्रंथ लिहिले आहेत. पण अण्णा आणि पेंटर यांच्यात दुकानाच्या पायरीवर जी चर्चा झाली तिची सर त्या ग्रंथांना नाही.

"जोडाक्षर एकच धरायचं," अण्णा म्हणाले.

"बरा. आनि काना?"

"काना म्हणजे काय अक्षर आहे? काना फुकट. अनुस्वारही फुकट."

"अण्णा, सगळ्यात जास्ती रंग कान्यालाच लागतो. वरपासनं खालपर्यंत वढायचा असतो तो."

शेवटी दोन कान्यांना मिळून एक अक्षर असा तह झाला आणि पेंटर फळीवर चढला.

पेंटरच्या अक्षराला पुढे चिरंजीवांनी 'कॅज्युअल ब्रश स्टाइल' असा शब्द सांगितला. तेव्हा आम्ही त्याला 'पेंटरचा सुटा हात' म्हणत असू. बँकेची पाटी, कचेरीची पाटी असली की तो पट्टी लावून ठोकळ्यासारखी जाड अक्षरं काढी. पण हॉटेल, नाटक, उसाचं गुऱ्हाळ, सायकलचं दुकान असलं की पट्टी बाजूला. एक दोरी खडूच्या भुकटीत घोळवायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, मधोमध चिमटीत धरून सोडायची. पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उमटे. बस्स, एवढाच आधार. मग खारीच्या केसांचा चपटा ब्रश रंगात बुडवून असा काही फिरवायचा, की 'स्वागत'मधला 'स्व' आधीच हात जोडून उभा आहे असं वाटावं. ऑइलपेंटला विचार करणारा माणूस चालत नाही. हात जरा थबकला की रंग ओघळतो. ती अक्षरं सहज काढल्यासारखी दिसत, याचं कारण ती सहज न काढणं शक्यच नव्हतं. ती सहजता यायला किती वर्षं पत्रे खराब केले, हे तो सांगत नसे. खारीचा वाटा म्हणतात तो त्याच्या कामात अगदी अक्षरशः असे. बाकीचा वाटा त्याचा.

तर, पेंटरने अण्णांच्या नावापासून सुरुवात केली. मालकाचं नाव म्हणून चांगलं ऐसपैस. मग 'वही-पुस्तक', तेही खाऊनपिऊन सुखी. 'भां'पर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. 'डा' आला तेव्हा खालून एकाने, "पेंटर, पत्रा संपला," म्हणून सांगितलं. तोपर्यंत 'भांडार'मधला 'र' यायचा होता. पेंटरने तो काढला. एस्टीच्या तिघांच्या बाकड्यावर चौथा माणूस एका मांडीवर टेकतो, तसा तो र 'डा'च्या कान्याला रेलून, पत्र्याच्या कडेला लटकून राहिला. लांबून पाहणाऱ्याला वाटे की दुकानात वह्या-पुस्तकांचं 'भांडा' मिळतं आणि पुढे कोणीतरी स्वल्पविराम दिला आहे.

अण्णांनी पाटी पाहिली. "हा र आहे?"

"पत्रा आखूड पडला, त्याला मी काय करनार? पुढल्या पाटीला मोठा काढून देतो. तोपर्यंत उधार लिहा."

अण्णांनी पैसे पुरे दिले आणि आत जाऊन खतावणीत खरोखरच लिहिलं : 'पेंटर. येणे : र, नग १.' अण्णांचं अक्षर मोत्यासारखं होतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात कुठलीही गोष्ट शेवटी शेवटी आटोपती घेतली, की 'पेंटरचा र झाला' असं म्हणतात. माझ्या बहिणीच्या लग्नात जिलेबी शेवटच्या पंगतीला पुरली नाही, तेव्हा खुद्द व्याह्यांसमोर आईच्या तोंडून हे वाक्य निघालं होतं.

आता, रत्नागिरीच्या पाण्यातच अक्षरांशी खटपट करण्याचा गुण आहे की काय, कोण जाणे. लोकमान्य टिळकांचा जन्म इथला, १८५६ सालचा. स्वराज्याचं एवढं ओझं डोक्यावर असतानाही या गृहस्थांनी, 'केसरी'च्या छापखान्यात देवनागरीचे खिळे कमी कसे करता येतील, यात डोकं घातलं. इंग्रजीचं काम सव्वीस अक्षरांच्या लहानमोठ्या रूपांत भागतं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं मिळून जुळाऱ्यापुढे खिळ्यांचा कोळीवाडाच भरतो. त्या खटपटीतून जो घाट तयार झाला त्याला टिळक टाइप म्हणत. पुढे १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षं सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. सरकारने राजकारणाला बंदी केली होती. लिपीला बंदी घालायचं सरकारला सुचलं नाही. सावरकरांनी लिपिशुद्धी काढली आणि 'इ'ला 'अि', 'उ'ला 'अु' अशी अ-ची बाराखडी सुरू केली. 'किर्लोस्कर' मासिकाने ती वर्षानुवर्षं छापली. माझ्या एका मावशीने तीच बाराखडी गिरवली होती. तिची पत्रं आली की घरात आधी 'अिकडे सर्व ठीक' कोण वाचणार, यावर चर्चा होई.

या दोघांनी खिळ्यांचा आणि बाराखडीचा विचार केला. तिसरा आमचा पेंटर. त्याने फक्त पत्र्याचा विचार केला, तोही आधी नाही.

खरं तर अक्षरांबद्दलची शिस्त आपल्याला समर्थांनीच लावून ठेवली आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास सबंध लेखनक्रियेवर आहे. लेखणी कशी असावी, शाई कशी करावी, ओळींत अंतर किती सोडावं, सगळं त्यात आहे. पहिलं अक्षर जसं, तसंच ग्रंथ संपेपर्यंतचं शेवटचं अक्षर दिसलं पाहिजे, हा त्यातला दंडक वाचताना मला दर वेळी आमची पाटी आठवते. समर्थांनी पेंटरला एका ओळीत नापास केलं असतं.

पण समर्थांपुढे बोरू होता. बोरूचं तोंड तिरकं तासलेलं असतं. इंग्रजी टाकाच्या बरोबर उलट बाजूला. देवनागरीच्या अक्षरात कुठे जाडी यायची, कुठे रेघ बारीक व्हायची, हे त्या काप्यावर ठरतं. लिहिणाऱ्याने फक्त हात वाकडा करायचा नाही. म्हणजे बोरू हा शिस्तीचा मास्तर. मोडीवाल्यांची तऱ्हा निराळी. ते आधी कागदभर आडव्या रेघा मारून ठेवत आणि मग हात न उचलता त्या रेघेखाली अक्षरं सोडत जात. बाळबोधीत आधी अक्षर, मग डोक्यावर रेघ. पेंटर मला म्हणायचा, "रेघ शेवटी मारायची. आनि मारताना श्वास घ्यायचा नाय." शब्द पुरा झाला की तो दम रोखून डावीकडून उजवीकडे एकच फटकारा मारी. ती रेघ किंचित वर चढत जाई. सगळी अक्षरं मग एका दोरीवरच्या कपड्यांसारखी, एकाच वाऱ्यावर हलताहेत असं वाटे.

छपाई आली आणि हा वारा थांबला. अगदी सुरुवातीला नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं ते शिळेवर, म्हणजे हाताने लिहिलेलं अक्षर जसंच्या तसं कागदावर. मग खिळे पाडले गेले. जावजी दादाजींच्या निर्णयसागराने देवनागरीचा असा काही देखणा टाइप पाडला, की काशीपर्यंतचे शास्त्रीपंडित त्यावरून डोळे फिरवत. पण खिळ्यातला प्रत्येक 'क' दुसऱ्या 'क'सारखा. वेदांना ते शोभतं. तमाशाच्या जाहिरातीला शोभत नाही. जाहिरातदाराला ओरडायचं असतं, कुजबुजायचं असतं, डोळा मारायचा असतो. शिशाच्या खिळ्याला डोळा मारता येत नाही.

तेव्हा मंडळी पुन्हा कुंचल्याकडे वळली. अक्षरं कलावंताने हाताने काढायची, त्याचा जस्ताचा ब्लॉक करायचा, तो खिळ्यांच्या शेजारी बसवायचा. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केली. ते आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे. मुळगावकरांची चित्रांखालची सही मला माझ्या स्वतःच्या सहीपेक्षा चांगली काढता येत असे. दुकानात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आल्या की मी आधी वेष्टणावरची अक्षरं पाही; खून कोणी केला ते नंतर.

आणि मग कमल शेडगे. टाइम्सच्या कलाविभागात नोकरी करणाऱ्या या गृहस्थांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं काढली, एक-दोन नव्हे, काही दशकं. नाटकाचं नाव पाहूनच कळे की आत रडायचं आहे की हसायचं. दोन इंच जागेत नाटकाचा पडदा उघडे. २०२० साली ते गेले तेव्हा चिरंजीवांनी मला विचारलं, "यांनी कुठल्या नाटकात काम केलं होतं?" मी म्हटलं, "सगळ्या."

पेंटर कुठल्या आर्ट स्कूलमध्ये गेला नव्हता. त्याचं स्कूल एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होतं. आमच्या दुकानात मुंबईची वर्तमानपत्रं एस्टीने शिळी होऊन येत. रद्दीत जाण्याआधी पेंटर येई आणि नाटकांच्या जाहिराती ब्लेडने कापून नेई. डबा उघडला की आत नुसती अक्षरं. शेडग्यांचा 'र' असा, अमक्याचा 'ग' तसा. "ही सगळी माजी गुरू मानसं," म्हणायचा. ज्या नाटकाचा मुंबईत प्रयोग होई, त्यातल्या एखाद्या अक्षराचा रत्नागिरीत न्हाव्याच्या पाटीवर पुनःप्रयोग होई. आमच्या आळीतल्या पिठाच्या गिरणीची पाटी एका भयंकर शोकांतिकेच्या वळणाने लिहिलेली होती. दळणाला जाताना उगीच गळा दाटून यायचा.

आमच्याकडे पाऊसही असा, की अक्षरांना फार दिवस जगू देत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी ज्या गावावर पडतं, तिथे ऑइलपेंट तरी किती तग धरणार? पहिल्या आषाढात अनुस्वार गळतात, श्रावणात वेलांट्या. नवरात्र आलं की निम्मं गाव पुन्हा लिहावं लागे. मिरकरवाड्यात होड्यांवर नावं, एस्टी स्टँडसमोर हॉटेलांच्या पाट्या, आणि चैत्र लागला की आंब्याच्या लाकडी पेट्यांवर पत्र्याचे छाप ठेवून ब्रश ठोकायचं काम. वर्षातले आठ महिने पेंटर हे गाव लिहीत असे आणि चार महिने पाऊस ते पुसत असे.

मग फ्लेक्स आला. एका रात्रीत पन्नास फुटी फलक, त्यावर दादा, भाऊ, आप्पा आणि त्यांना शुभेच्छा देणारे चाळीस पासपोर्ट फोटो. पेंटर बघायला आला. बोट लावून म्हणाला, "ओला कसा नाय?" तेवढंच. पुढे हळूहळू त्याच्या हातातलं काम सुटलं. आणि खुद्द हातालाच कंप सुटला, तेव्हा त्याला काम नाही हे एका अर्थी बरंच झालं, असं लोक म्हणाले. लोक असलंच काहीतरी म्हणतात.

आमचे चिरंजीव दुकान बघू लागले, तेव्हा दुकानात संगणक आला आणि त्याच्या पोटात हजारभर अक्षरवळणं आली. त्यांना फॉन्ट म्हणतात. चिरंजीवांनी मला त्यातले हातच्या अक्षरासारखे दिसणारे दाखवले. मला वाटलं होतं हे कालपरवाचं खूळ असेल, पण नाही. अमेरिकेत १९४२ सालीच रॉबर्ट स्मिथ नावाच्या माणसाने 'ब्रश स्क्रिप्ट' म्हणून कुंचल्याच्या अक्षराचा शिशाचा टाइप केला होता. फ्रान्समध्ये रॉजर एक्सकॉफॉनने १९५३ साली स्वतःच्या अक्षरावरून 'मिस्ट्राल' केला. मिस्ट्राल म्हणजे तिकडचा एक वारा. एक अक्षर दुसऱ्याला नेमकं जिथल्या तिथे जाऊन चिकटावं, म्हणून त्या बिचाऱ्याने फार खटपट केली. आमच्याकडे शिरोरेघ आहे, ही खटपट आम्हांला हजार वर्षांपूर्वीच माफ झाली, असं मी अभिमानाने म्हणालो. चिरंजीव म्हणाले, "उलट आहे बाबा. आपल्याला रेघेचाच त्रास. प्रत्येक अक्षराला रेघेचा एकेक तुकडा असतो, तो शेजारच्याशी बरोबर जुळावा लागतो. म्हणून रेघ सरळच ठेवतात."

म्हणजे तो चढता फटकारा गेला. एका श्वासात मारलेल्या रेघेचे तुकडे करून अक्षरांना टोप्यांसारखे वाटून टाकले.

पण मी खोटं बोलणार नाही. काही फॉन्ट मला आवडले. र. कृ. जोशींसारख्या अक्षरांच्या जाणत्या माणसाने संगणकासाठी 'मंगल' घडवला, हे कळल्यावर मी संगणकाकडे आदराने पाहू लागलो. 'कलम' म्हणून एक २०१४ साली आला आहे, तो साध्या पेनाने भरभर लिहिल्यासारखा दिसतो. 'यात्रा' नावाचा एक मुंबईच्या लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतला आहे. कापलेल्या चपट्या ब्रशची कड त्यात अजून दिसते. दिल्लीच्या हनीफ कुरेशी नावाच्या कलावंताने तर गावोगावच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे फॉन्ट केले आणि त्यांना त्या त्या पेंटरचं नाव दिलं. २०२४ साली तो तरुण वयातच गेला.

हे फॉन्ट कुठे वापरायचे, याचं मात्र एक शास्त्र आहे आणि ते आम्ही चुका करून शिकलो. शब्द दोन-तीनच असावेत, मोठे असावेत, वरच्या मात्रांना आणि खालच्या उकारांना ऐसपैस हवा मिळावी. लग्नाच्या पत्रिकेवर वधूवरांची नावं शोभतात, लोणच्याच्या बरणीवर शोभतात, नाटकाच्या जाहिरातीत तर हवेतच. पण अख्खा परिच्छेद त्या अक्षरात घातला, की सबंध वरात एकदम बोलू लागल्यासारखी वाटते. चिरंजीवांनी उमेदवारीच्या काळात एका घरची वर्षश्राद्धाची पत्रिका अशा नाचऱ्या अक्षरात छापून दिली होती. ती वाचून कैलासवासी झालेल्या गृहस्थांची गंमत आहे, आइस्क्रीमही आहे, असं वाटत होतं. पत्रिका परत आल्या. गृहस्थ अर्थातच आले नाहीत.

दुसरी एक गंमत माझ्या ध्यानात आली. आमच्या शेजारच्या वहिनी घरी फणसपोळी आणि आंबोशी करून विकतात. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अंगणात वाळवून. त्यांना लेबल हवं होतं. चिरंजीवांनी हौसेने ब्रशच्या अक्षरात 'घरगुती' असं काढून दाखवलं, तर वहिनी नाराज. "हे हाताने लिहिल्यासारखं दिसतंय. छापील द्या की चांगलं, कंपनीसारखं." आणि त्याच दिवशी दुकानात मोठ्या कारखान्यातल्या यंत्राने भरलेल्या लोणच्याचं खोकं आलं. त्यावर वेड्यावाकड्या कुंचल्याच्या अक्षरात लिहिलं होतं : 'आजीच्या हातचं'. तेव्हापासून हातचं अक्षर दिसलं की मी आधी हात शोधतो.

आता पाटीकडे येतो. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं, त्यात सत्तेचाळीस वर्षांची ती पाटी उतरली. पत्रा दुमडून गटारात पडला. र तेवढा वर दिसत होता. कडेला होता ना. चिरंजीवांनी तात्पुरता म्हणून फ्लेक्स लावला. दोन उन्हाळ्यांत तो इतका फिकटला की दुकान बंद पडल्याची अफवा उठली. मधल्या काळात, २०२२ साली, दुकानांवर मराठी पाट्या ठळक हव्यात असा कायद्यात बदल झाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीच्या अक्षरापेक्षा लहान नको, असं कायदा म्हणतो. ते देखणं असावं असं कायदा म्हणत नाही. तेवढी हिंमत कायद्यातही नसते. आमची पाटी मुळातच मराठी, पण गावभर पाट्यांची लगबग पाहून आम्हीही नवी करायला घेतली.

चिरंजीवांनी नमुना काढला. खरंच सुरेख होता. कुंचल्याचे फराटे, कडेला सुकलेल्या ब्रशच्या रेषा, सगळं हुबेहूब. खाली ओळ : 'शालेय साहित्य मिळेल'. मी बराच वेळ पाहिलं. काहीतरी चुकत होतं. काय ते सांगता येईना. म्हणून पेंटरला बोलावून आणलं.

पंचाहत्तरीला आलेला पेंटर रिक्षातून उतरला. उजवा हात मांडीवर ठेवला तरी हलत होता. चष्मा वर करून त्याने कागद पाहिला.

"हे ल आनि श आपले नायत. पावने हायत."

आणि ते खरं होतं! ते दोन्ही हिंदी वळणाचे होते. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा लिहावा, असा शासनाचा निर्णयच आहे, ६ नोव्हेंबर २००९चा. पेंटरने तो वाचला नव्हता. त्याला तो हाताने माहीत होता.

"आनि हे दोन जुळे कशाला?" त्याने खालच्या पत्त्यातल्या 'रत्नागिरी'वर बोट ठेवलं. पहिला र आणि शेवटचा र. सुकलेल्या ब्रशची रेषसुद्धा दोघांत एकाच जागी! "गावाच्या नावात पहिला र ताजा असतो, दुसरा दमून येतो. भाव भाव असावेत. जुळे नायत."

चिरंजीव गडबडीने म्हणाले, "काका, आता एकाच अक्षराची तीन-तीन रूपं फॉन्टमध्ये घालता येतात. संगणक आळीपाळीने घेतो."

"मग चवथ्यांदा?" पेंटरने विचारलं.

मी पेंटरच्या हाताकडे पाहत होतो. तो त्याच्या लक्षात आलं. "थांबला की हलतो भाऊ," तो म्हणाला. "चालला की नाय हलत. पत्रा आना."

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टर नाही, पण पत्रा आणवला. आठ फुटीच. चिरंजीवांनी पेन्सिलीने चौकोन आखून दिले, एका अक्षराला एक घर, शेवटच्या 'र'लाही चांगलं नऊ इंचांचं. पेंटरने दोरी मारली. मग खिशातून फडकं काढलं आणि ते चौकोन शांतपणे पुसून टाकले. "घरात बसली की अक्षरं म्हातारी होतात," म्हणाला.

पत्रा जमिनीवर घेतला होता, फळीवर चढणं आता जमणार नव्हतं. ब्रश रंगात बुडवेपर्यंत हात हलत होता. डब्याच्या काठावर टकटक वाजत होता. मग तो पत्र्याला टेकला आणि थांबला. ब्रश नव्हे, कंप. अण्णांचं नाव आलं, ऐसपैस, जसं १९७४ साली आलं होतं तसंच. शाळा सुटून आलेली पोरं जमली. 'वही' आलं, 'पुस्तक' आलं. 'भां' आला तेव्हा मी पुढे वाकून पाहिलं. चिरंजीवांनी तोंड उघडलं, मी त्यांच्या पायावर पाय दिला.

'डा'नंतर पत्रा साडेतीन इंच उरला होता.

पेंटरने र काढला. 'डा'च्या कान्याला रेलून, कडेला अर्धा लटकलेला. मग दम रोखून त्याने वरची रेघ मारली, एका फटकाऱ्यात, किंचित चढती, अण्णांच्या नावापासून त्या र-पर्यंत. ब्रश बाजूला ठेवला. हात पुन्हा हलू लागला.

कोणी काही बोललं नाही. पेंटर बराच वेळ पाटीकडे पाहत राहिला.

"अण्णांच्या खात्यावर किती बाकी होती माजी?" त्याने विचारलं.

"एक र," मी म्हणालो.

"बाकी पुढं वढा," पेंटर म्हणाला.

मी आत गेलो. अण्णांची खतावणी माळ्यावरून काढली. तीस-पस्तीस वर्षं कोणी तिला हात लावला नव्हता. 'येणे : र, नग १' या मोत्यासारख्या अक्षराखाली मी लिहिलं, 'पुढे चालू'. चिरंजीव म्हणतात की ते वाचता येत नाही.